दुसरी शिंक

आमच्या पेठेत राहायला येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगाव्या लागत. नळाला पाणी किती वाजता येतं, दुधात पाणी कोण कमी घालतं, आणि चन्नप्पाअण्णांच्या दुकानावरून जाताना काय काळजी घ्यावी. मला पहिल्या दोन सांगितल्या गेल्या आणि तिसरी राहून गेली. त्यामुळे सोलापुरात इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेला निघालो असताना, डोक्याला रुमाल बांधलेला एक धिप्पाड गृहस्थ दुकानाची पायरी उतरून मला आडवा आला आणि ओळख ना पाळख, त्याने माझ्या नाकाखाली एक छोटा गोल आरसा धरला.

"श्वास सोडा की," तो म्हणाला.

मी घाबरून सोडला. आरशावर वाफेचा एकच ठिपका उमटला.

"डावी बंद, उजवी चालू. सूर्यस्वर हाय. उजवा पाय पुढं टाकून जावा. पोरं ऐकतील."

मी उजवा पाय पुढे टाकून गेलो. पोरांनी काही ऐकलं नाही, पण तो दोष पायाचा नव्हता.

हे चन्नप्पाअण्णा. आमच्या घरासमोरच त्यांचं तपकिरीचं दुकान होतं. कोणत्या नाकपुडीतून श्वास चालू आहे ते बघायचं आणि त्या बाजूचा पाय आधी टाकायचा, म्हणजे काम होतं, अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा म्हटलेलं त्यांना खपत नसे. "शकुन-अपशकुन आमच्यात मानत न्हाईत. हे शास्तर हाय," असं ते ठणकावून सांगत. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि तिच्याशेजारी दोरीत ओवलेला हा आरसा. कोर्टात निघालेला, मुलगी बघायला निघालेला, नुसता भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा त्या आरशात नाक दाखवून पुढे जायचा. नाही दाखवलं तर अण्णा मागे येत.

गंमत अशी की, खुद्द अण्णांच्या नाकाखाली तो आरसा धरला तर त्याच्यावर काहीच उमटत नसे. त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं. पडशाला ते कानडीत 'नेगडी' म्हणत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलत. "आज नेगडी जरा खूश हाय." "नेगडीला ढगाळ हवा सोसत न्हाई." स्वतःच्या आरशाकडे बघून मान हलवत आणि म्हणत, "दोन्ही दारं बंद. पुजारी गावाला गेलाय." त्यांच्याच शास्त्राप्रमाणे त्यांना आयुष्यात कुठलंही काम सुरू करायची सोय नव्हती.

या नाकामुळे 'म' आणि 'न' ही दोन अक्षरं त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाहीत. मला ते 'बास्तर' म्हणत. त्यांचं सगळं बोलणं मी तसंच लिहीत बसलो तर वाचणाऱ्याला पडसं होईल, म्हणून बाकीचं मोकळ्या नाकाने लिहितो. पण 'बास्तर' तेवढं राहू देतो, कारण आठ वर्षं मी त्या नावाला ओ दिली आहे.

एकदा मी विचारलं, "अण्णा, मुलीचं नाव गिरिजा कुणी ठेवलं?"

"मीच की. माझ्या मंडळींचं नाव नागम्मा. जन्मभर बिचारीला मी 'दागब्बा' म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली, कधी हसली न्हाई. पोरगी झाली तवा ठरवलं, हिचं नाव तरी धड घ्यायचं. गिरिजा. बघा, हितं कुटं अडतंय का?"

नागम्मा, मुलगी सहा वर्षांची असताना गेल्या. पुढे अण्णांनीच तिला वाढवलं. ती गल्लीच्या टोकाला देवळाच्या ओट्यावर खेळायची, आणि अण्णांची हाक चोंदलेल्या नाकातून तिथवर पोचायची नाही. मग ते दुकानाच्या पायरीवर उभे राहत, तो आरसा उन्हात धरत आणि देवळाच्या भिंतीवर कवडसा पाडत. भिंतीवर पांढरा ठिपका नाचला की पोरगी खेळ टाकून जेवायला पळत यायची. जुनी माणसं अजून ते सांगतात.

आता तपकिरीच्या दुकानाची एक वेगळीच आफत असते. अण्णा दुकानातच खलबत्त्यात तंबाखू कुटायचे, आणि कुटायला बसले की अर्धी गल्ली शिंकायची. अण्णा स्वतः तपकिरीने शिंकत नसत. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचं नाक निर्ढावलं होतं. ते शिंकायचे ते नेगडीमुळे, आणि तेही केव्हातरी, पण ती शिंक आली की पलीकडच्या हातमागावरचा विणकर धोटा थांबवून विचारायचा, काय पडलं? शिंकेचा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी निघताना एक शिंक आली की अपशकुन, लागोपाठ दोन आल्या की शुभ. आणि दुसरी शिंक येईल याचा भरवसा कोण देणार? म्हणून परगावी निघालेली माणसं आमच्या गल्लीतून जातच नसत. मागच्या बोळातून वळसा घालून जात. टांगेवाला हुसेनभाई तर स्पष्टच म्हणायचा, "अण्णा के दुकान के सामनेसे सवारी नक्को मास्तर, घोडा बी छींकता."

एखादी वरात किंवा सासरी निघालेली मुलगी नाइलाजाने आमच्या दारावरून जायची झाली, तर अण्णा खल थांबवत, फळ्या लावून घेत आणि आतल्या अंधाऱ्या कोठीत जाऊन बसत. सगळं पार पडलं की बाहेर येत. मला आधी वाटे की माणूस तिरसट आहे. चार माणसांत मिसळायला नको म्हणून जात असेल. खरं कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही आमच्या मंडळींकडून. बायकांना या गोष्टी आधी कळतात.

चार वर्षांपूर्वी, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो असताना, गिरिजा वळसंगला सासरी निघाली. दारात सवारी गाडी, गाडीत मुलगी, पुढे व्याही शिवरुद्रप्पा मिशीला पीळ देत उभे. अण्णा नाक दाबून, तोंड मिटून, डोळे लाल करून उभे होते. बैलांनी पाऊल उचललं आणि अण्णा शिंकले. एकदाच. सगळी गल्ली दुसऱ्या शिंकेसाठी श्वास धरून थांबली. ती आलीच नाही.

गाडीचा आस वळसंगच्या शिवेवर मोडला. त्या वर्षी व्याह्यांच्या विहिरीचं पाणी आटलं. पुढच्या वर्षी घोडी मेली. हे सगळं अण्णांच्या नाकाच्या नावावर मांडलं गेलं. व्याह्यांनी निरोप धाडला, की मुलगी सुखात आहे, पण ते नाक घेऊन आमच्या उंबऱ्याशी येऊ नका. पंचमीला मुलगी आली नाही. पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. अण्णांनी भांडायला जावं, चार माणसं मध्ये घालावीत, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते एकच म्हणत, "मी गेलो, आनि पुन्हा काय वंगाळ झालं, तर बोल कुणाला? माझ्या पोरीला. नको."

वळसंगचा कुणी बाजाराला आला की अण्णा त्याला बसवून घेत. तपकीर देत. पाऊसपाणी विचारत, विहिरीचं विचारत, म्हशीचं विचारत. आणि मग बरण्या सारख्या करता करता, पाठ त्याच्याकडे ठेवून, विचारत, "आनि आमची गिरिजा? आनि ती बारकी?" बारकी म्हणजे नात. सव्वा वर्षाची झाली होती आणि अण्णांनी तिला पाहिलेलं नव्हतं.

अशात फाल्गुन महिन्यात सोलापुरात विमान आलं.

शहराबाहेरच्या माळावर ते उतरलं. एक गोरा साहेब ते चालवायचा, आणि तिकीट काढील त्याला आकाशात फिरवून आणायचा. एक फेरा शहरावरून, आणि दुसरा लांबचा, म्हणाल त्या रस्त्याने काही कोस जाऊन परत. सगळं सोलापूर माळावर लोटलं. मीही अण्णांना घेऊन गेलो. अण्णा विमानाकडे न बघता बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "बास्तर, ह्याला उंबरा न्हाई."

"कशाला?"

"इमानाला. वरून गेलं तर कुणाचा उंबरा वलांडावा लागत न्हाई. वळसंग हितनं किती लांब?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा मला त्या माणसाकडे बघवेना. मी विषय बदलायला म्हणून तंबूवर चिकटवलेलं पत्रक वाचू लागलो, आणि नेमकं त्यातच घोडं पेंड खात होतं. 'पडसे झालेल्यांनी, नाक चोंदलेल्यांनी व कान दुखणाऱ्यांनी विमानात बसू नये.'

मी साहेबाला याचं कारण विचारलं. साहेब भला माणूस होता. त्याने स्वतःच्या नाकाकडे आणि मग कानाकडे बोट दाखवून समजावलं. नाकामागून कानात आतल्या आत एक बारीक वाट असते. वर-खाली जाताना हवेचा दाब बदलतो आणि त्या वाटेने कानातली हवा सारखी होते. नाक चोंदलेलं असलं की ती वाट बंद. मग विमान उतरताना बाहेरची हवा कानाच्या पडद्याला आत रेटते. भयंकर दुखतं, पडदा फाटूही शकतो. मी हे सगळं अण्णांना शब्दाशब्दाने सांगितलं.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "इमान कवा जाणार?"

"पुढच्या रविवारी."

"म्हंजे आठ दिस हायेत. नेगडीला रजा देतो."

त्या आठ दिवसांत पेठेने जे पाहिलं ते पुन्हा कुणाला दिसणार नाही. तपकिरीच्या दुकानदाराने तपकीर सोडली! गिऱ्हाईक आलं की तोंड फिरवून चिमूट मोजायची. सकाळी ओव्याची धुरी, दुपारी निलगिरीची वाफ, संध्याकाळी आमच्या मंडळींचा आलं-मिऱ्याचा काढा. विणकराच्या म्हातारीने तेलुगूत काहीतरी पुटपुटून कपाळावर सुंठ लावली. पुटपुटण्याचा अर्थ कुणाला कळला नाही, पण आग सगळ्यांना दिसली. दर तासाला अण्णा आरसा नाकाखाली धरत आणि निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे त्यात बघत. मंगळवारी डावी नाकपुडी उघडली. अण्णा अक्षरशः धावत माझ्याकडे आले, ठिपका दाखवायला. जिना चढून येईपर्यंत ती पुन्हा बंद झाली होती.

रविवारी सकाळी दोन्ही दारं घट्ट बंद होती.

"अण्णा, राहू द्या," मी म्हणालो. "कान जातील."

"कानाला काय करायचंय? वळसंगात मला कोण हाक मारणार हाय? डोळे चांगले हायेत की."

लांबच्या फेऱ्यात दोन माणसं बसत. साहेबाशी बोलायला दुभाषा हवा म्हणून दुसरं तिकीट त्यांनी माझं काढलं होतं. "नाक त्यांचं, मग जीव तुमचा का?" असं आमच्या मंडळींनी विचारलं. पण मी गेलो.

माळावर साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता. आमची पाळी आली. "कोल्ड?" त्याने अण्णांना विचारलं. पडसं आहे का, असा त्याचा अर्थ. मी भाषांतर करायला तोंड उघडणार, तोच अण्णा छाती काढून म्हणाले, "नो कोल्ड, सायब! सोलापूर. लई हॉट!"

'म' आणि 'न' नसलेला बाकी भाग त्यांनी फार स्पष्ट उच्चारला. साहेब खो खो हसला. अण्णांना वाटलं असावं की साहेब हवापाण्याबद्दल विचारतो आहे, हे मी ओळखलं. एक शब्द बोलून मला चूक दुरुस्त करता आली असती. आठ वर्षं मी पोरांच्या इंग्रजीच्या चुका दुरुस्त करूनच पोट भरत आलो होतो. आणि तिथे मी गप्प बसलो. त्यांच्या अडाणीपणाच्या आड माझा खोटेपणा लपवला आणि शिडीकडे चालू लागलो.

शिडीशी अण्णांनी आरसा काढला. काहीच उमटलं नाही. उजवा पाय की डावा? क्षणभर विचार करून त्यांनी दोन्ही पाय जोडले आणि एकदम उडी मारली. विमान हललं. "दोन्ही बंद, तर दोन्ही पाय," ते मला म्हणाले.

साहेबाने आमच्या हातावर एकेक पेपरमिंटची गोळी ठेवली. उतरताना चघळा आणि गिळत राहा, म्हणजे कान मोकळे राहतील, असं सांगितलं. मीही सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि गोळी बंडीच्या खिशात टाकली. साहेबाच्या हातचं कसं खाणार, मी मनात म्हटलं. या अवघड वेळीही सोवळं सुटत नाही.

वर गेल्यावर पहिली काही मिनिटं मी डोळे मिटून होतो, त्यामुळे सोलापूर वरून कसं दिसतं ते मला विचारू नका. डोळे उघडले तेव्हा गिरण्यांची धुराडी मागे पडली होती आणि खाली अक्कलकोटचा रस्ता दिसत होता. यंत्राच्या आवाजात बोलायची सोय नव्हती. अण्णा कडेवरून अर्धे बाहेर वाकले होते. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला.

वळसंग आलं. साहेबाने विमान बरंच खाली घेतलं. सगळी घरं एकसारखी, मातीच्या सपाट माळवदांची. यातलं कुठलं ओळखणार? अण्णा एकदम माझ्या कानाशी ओरडले, "मिरच्या! मिरच्या बघा!"

एका माळवदावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. आजूबाजूच्या माळवदांवरही होत्या, पण पसरलेल्या, वेड्यावाकड्या. इथे मात्र नीट चौकोन होता, चारी कडा सरळ.

"नागम्माची रीत! पोरीनं तशीच घातलीय! तशीच!"

त्या चौकोनाशेजारी एक बाई उभी होती. कडेवर मूल. वर बघत होती. अण्णांनी गळ्यातला आरसा ओढून काढला, दोन्ही हातांत गच्च धरला आणि उन्हात फिरवू लागले. विमानाने एक फेरी मारली, दुसरी मारली. कवडसा खाली पोचला की नाही ते मला दिसलं नाही. मला दिसलं एवढंच की त्या बाईने हातातलं सूप खाली टाकलं. मग विमान परत फिरलं.

साहेबाने सांगितलं होतं तेच झालं. माळ दिसू लागला तशी अण्णांनी दोन्ही हातांनी कान दाबले. चेहरा पांढरा पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी 'गोळी, गोळी' म्हणून खुणा करत होतो आणि ते मान हलवून नाही म्हणत होते. जमिनीवर आलो. यंत्र अजून धडधडत होतं आणि अण्णा माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "किती शांत वाटतंय, बास्तर! यंत्र बंद केलं व्हय?"

मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कान तपासले. पडदे फाटले नव्हते, पण सुजून आत ओढले गेले होते. आठ-पंधरा दिवसांत उघडतील, नाही उघडले तर बघू, असं ते म्हणाले. हे 'बघू' मला आवडलं नाही. मी शाळेतली एक पाटी अण्णांना आणून दिली आणि आमचा व्यवहार पाटीवर सुरू झाला. हुसेनभाई म्हणाला, "अण्णा का नाक पैलेच बंद था, अब कानां बी गए. खाली तोंड चालू है." पेठ हसली. मला हसू आलं नाही. चार दिवस झोप उडाली. शेवटी मी पाटीवर लिहिलं, 'चूक माझी. साहेब नेगडीबद्दल विचारत होता. तुम्हांला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.'

अण्णांनी पाटी दोनदा वाचली आणि पोट धरून हसू लागले.

"अहो बास्तर, कोल्ड म्हंजे नेगडी, हे मला म्हाईत न्हाई व्हय? चाळीस वर्सं औषधाच्या बाटल्या घेतोय. समद्या बाटल्यांवर तेच छापल्यालं असतंय की! तुमी खोटं बोलू शकणार न्हाई, म्हनून मी आधी बोललो. तुमाला वाटलं मी फसलो. मला वाटलं तुमी फसलात. सायब फसला हे खरं."

इंग्रजीच्या मास्तराला एवढं चांगलं उत्तर कुठल्याही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं. पण कान उघडले नव्हतेच.

नवव्या दिवशी दुपारी दुकानासमोर सवारी गाडी थांबली. मागच्या बोळात नव्हे, समोर. आधी व्याही शिवरुद्रप्पा उतरले. मिशीचा पीळ जरा सैल होता. मग मूल कडेवर घेऊन गिरिजा उतरली. अण्णांची पाठ रस्त्याकडे होती. बरण्या पुसत होते. गाडी त्यांना ऐकूच आली नाही. तिने "अप्पा" म्हणून दोनदा हाक मारली, तीही नाही. मग तिने पुढे होऊन त्यांच्या गळ्यातला आरसा हळूच हातात घेतला, उन्हात धरला आणि समोरच्या फळीवर, बरण्यांच्या मधोमध, कवडसा पाडला.

अण्णा वळले. पुढचं मी बघितलं नाही. मी घरात गेलो आणि बराच वेळ कंदिलाची काच पुसत बसलो.

ते विमान वळसंगवर घिरट्या घालत होतं तेव्हा गिरिजाने कवडसा ओळखला होता. घरात कुणाला पटलं नाही. मग बाजारातून बातमी आली, की तपकीरवाले चन्नप्पा विमानात बसले आणि कान घालवून आले. तेव्हा तिने सासऱ्यांना सांगितलं, "मामंजी, मी चालले. तुमी येता का, का एकलीच जाऊ?" शिवरुद्रप्पा हट्टी होते, पण माणूस होते. ते अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "व्याही, चुकलं आमचं!" अण्णांनी हसून विचारलं, "चहा घेणार व्हय?" तीनदा असं झाल्यावर शिवरुद्रप्पांनी मला बोलावणं पाठवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. सगळ्या गल्लीसमोर त्यांच्या वतीने मी पाटीवर 'चुकलं' असं लिहिलं. अण्णांनी ती पाटी आठ दिवस पुसू दिली नाही. त्यांना काही सांगायचं तर आम्ही हातवारे करायचो.

बारकी आजोबांकडे जाईना. नाकाला घाबरली असावी. मग अण्णांनी बंडीच्या खिशातून ती पेपरमिंटची गोळी काढली. तपकिरीत घोळून ती तपकिरीच झाली होती. त्यांनी ती तीन पाण्यांनी धुतली आणि नातीला चाटवली. मी बघत राहिलो. सोवळं नव्हतं ते. ती गोळी तोंडात टाकली असती तर कान बहुधा वाचले असते, आणि हे त्यांना मी स्वतः दोनदा सांगितलं होतं.

तीन दिवस राहून गिरिजा परत निघाली. पंचमीला यायचं ठरलं. दारात गाडी जुंपली, मुलगी आणि नात आत बसल्या, व्याही फळीला टेकून निरोप घ्यायला उभे राहिले. आणि अण्णा दिसेनात. कुठे असणार? कोठीत जाऊन दार लावून बसले होते.

गिरिजा गाडीतून उतरली. मूल कडेवर घेऊन सरळ आत गेली आणि दार ढकलून म्हणाली, "होरग बा, अप्पा." बाहेर ये. त्यांना ऐकू आलं नाही, पण ओठ कळले. ते नाकावर हात ठेवून मान हलवू लागले. तिने त्यांना मनगटाला धरून पायरीवर आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पा शिंकल्याबिगर गाडी हलणार न्हाई."

पाटीवरचं 'चुकलं' पुसायची परवानगी नव्हती, म्हणून मी ही गोष्ट त्यांना नाक दाखवून, तोंड उघडून, हवेत हात उडवून समजावली. अण्णा गोंधळले. आणि आता शिंक येईना! चार वर्षं जिला दाबलं, कोंडलं, ती मागितल्यावर कशाला येते? अण्णांनी तपकिरीची मोठी चिमूट ओढली. निर्ढावलेलं नाक, ढिम्म. काडी घातली. काही नाही. गल्ली जमली, विणकर धोटा टाकून आला, हुसेनभाईचा टांगासुद्धा पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला. बैल कंटाळले. तेव्हा गिरिजाने आरसा घेतला आणि उन्हाची तिरीप थेट बापाच्या चेहऱ्यावर टाकली.

अण्णांचे डोळे मिटले. तोंड उघडलं. रुमाल हलला. आणि ते शिंकले. खिडक्यांची तावदानं वाजली.

एक.

गल्ली पुन्हा श्वास धरून उभी राहिली, चार वर्षांपूर्वीसारखीच. अण्णा नाक वर करून दुसरीची वाट बघत होते. ती येत नव्हती. त्यांचा चेहरा उतरू लागला. गिरिजाने त्यांचा हात सोडला नव्हता.

इतक्यात दुकानाच्या फळीला टेकलेले व्याही शिवरुद्रप्पा, अर्धा तास तपकिरीच्या वाऱ्यात उभे राहिल्यामुळे, असे काही शिंकले की त्यांचा पटका बैलाच्या शिंगात जाऊन अडकला.

"दोन!" सगळी गल्ली ओरडली. "दोन झाल्या!"

अण्णांनी डाव्या कानावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. व्याह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऐकू आली," ते म्हणाले. "व्याह्यांची शिंक मला ऐकू आली, मास्तर!"

आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मास्तर म्हटलं होतं.

गाडी हलली. अण्णा कोठीत गेले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते गाडीकडे बघत होते. आरसा त्यांच्या गळ्यात नव्हता. देवळाच्या ओट्याशी गाडी वळली तेव्हा तिच्यातून एक कवडसा निघाला, भिंतीवरून घसरत आला आणि अण्णांच्या बंडीवर थांबला. अण्णांनी त्याच्यावर हात ठेवला.

"जेवायला बोलावतेय," ते मला म्हणाले, आणि उजवा-डावा काही न बघता घरात गेले.